घरी मुलं आहेत का?

लेखमाला : चार भिंतींआड – भाग ६

अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात, होलेंड्रेख्त मेट्रो स्थानकाजवळ, एएमसी नावाचं काँक्रीटचं अवाढव्य इस्पितळ आहे. मध्यवस्तीतली दोन जुनी इस्पितळं हलवून १९८० च्या दशकात ते इथे उभं राहिलं, १९८८ मध्ये एम्मा बाल रुग्णालयही याच आवारात आलं. २०१८ पासून अधिकृत नाव ‘अ‍ॅमस्टरडॅम यूएमसी’ झालं, पण लोक अजून एएमसीच म्हणतात. तिथल्या तातडीच्या विभागात २०१० पासून काही ठराविक रुग्णांना एक प्रश्न विचारला जातो. जिवाचं बरंवाईट करायला निघालेली बाई, दारूने शुद्ध हरपलेला बाप, नवऱ्याच्या माराने ओठ फाटलेली बायको. उपचार सुरू होतात, जीव धोक्याबाहेर येतो, आणि मग परिचारिका विचारते : घरी मुलं आहेत का? आत्ता कुणाजवळ आहेत?

या लेखमालेत आपण आतापर्यंत नैराश्य एकीकडे आणि मुलांवरचे अत्याचार दुसरीकडे असे मांडत आलो. सगळीकडे असंच मांडतात. नैराश्याचं भित्तिपत्रक मानसोपचार विभागाबाहेर, मुलांच्या छळाचं शाळेच्या फलकावर. एकावर खिडकीशी बसलेली बाई, दुसऱ्यावर टेडी अस्वल घेऊन कोपऱ्यात बसलेलं पोर. ती बाई आणि ते पोर एकाच घरात राहत असतील, हे दोन्ही चित्रं पाहून कुणाच्या डोक्यात येत नाही. आजच्या भागाचा विषय हाच आहे.

‘घरी मुलं आहेत का’ हा प्रश्न मूळचा अ‍ॅमस्टरडॅमचा नाही, हेग शहरातला. इस्पितळांत मुलांचा छळ शोधायची रूढ पद्धत म्हणजे मुलाच्या अंगावर वळ शोधणं. अमेरिकेत हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ‘मार खाल्लेल्या मुलाची लक्षणं’ वैद्यकशास्त्रासमोर ठेवली, तेव्हापासून डॉक्टर भाजल्याचे डाग, जुनी मोडलेली हाडं, न जुळणारी कहाणी शोधत आले. पण वळ सापडण्यासाठी आधी ते मूल इस्पितळात यायला हवं. ज्याला मार बसत नाही, नुसती आबाळ होते, ते येतच नाही. हेगमधल्या हेस्टर डिडेरिख या तातडीच्या विभागातल्या परिचारिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पद्धत उलटी फिरवली. मूल आलं नसेल, पण आई-बाप तर समोर खाटेवर आहेत. घरगुती मारहाण, टोकाची नशा, आत्महत्येचा प्रयत्न किंवा दुसरा गंभीर मनोविकार, या कारणांनी कुणी प्रौढ आला की मुलांची चौकशी करायची आणि मुलं असली तर मदत यंत्रणेला कळवायचं.

याचा परिणाम मोजला गेला. आधी तातडीच्या विभागात येणाऱ्या एक लाख रुग्णांमागे एका पालकाविषयी कळवलं जायचं, नंतर ६४ पालकांविषयी. आणि कळवलेल्यांपैकी ९१ टक्के घरांत मुलांचा छळ किंवा आबाळ होत असल्याचं तपासाअंती दिसलं.

हा आकडा वाचताना जरा थांबायला हवं, कारण तो चुकीचा वाचणं फार सोपं आहे. ‘नैराश्य असलेल्या १०० आयांपैकी ९१ जणी मुलांना छळतात’ असा याचा अर्थ मुळीच नाही. ही मंडळी नैराश्याच्या गोळ्या घेऊन कामावर जाणारी नव्हती, तर मध्यरात्री रुग्णवाहिकेतून आलेली होती. त्यांत मारहाणीची आणि नशेची प्रकरणंही होती. आणि ‘छळ’ या शब्दाखाली तिथे डॉक्टर नुसतं मारणं धरत नाहीत. आईला मार खाताना पाहणं, दोन दिवस कुणी स्वयंपाक न करणं, पाच वर्षांच्या मुलाने बेशुद्ध बापाशेजारी रात्र काढणं, हे सगळं त्यात येतं. नैराश्य असलेले बहुसंख्य पालक मुलांना जिवापाड जपतात. किंबहुना मुलांसाठीच तगून राहतात.

अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी हेगची कल्पना घेतली, पण एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते तिथेच खरी अक्कल दिसते. हेगमध्ये नाव थेट छळविरोधी केंद्राकडे जायचं. एएमसीत आधी बोलावणं जातं. समजा, शनिवारी रात्री एक बाई आली, वाचली. पुढच्या काही दिवसांत तिला बाल विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात यायला सांगतात, सगळ्या मुलांना घेऊन. तिथे मुलांचा डॉक्टर प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतो. दुसरीकडे समाजसेविका आईशी बोलते : रात्री मुलं कुठे होती, त्यांनी काय पाहिलं, त्यांना काय सांगितलंत, सकाळी शाळेत कोण सोडतं, जवळ कुणी नातलग आहे का. बहुतेक घरांना मग स्वेच्छेने घ्यायची मदत जोडून दिली जाते. बोलावूनही कुणी आलं नाही, किंवा मुलाला धोका दिसला, तरच प्रकरण वर जातं.

‘मुलांना काय सांगितलंत?’ हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आई इस्पितळात का गेली, याची गोष्ट मूल स्वतः रचतं, आणि त्या गोष्टीत बहुधा दोष स्वतःकडेच घेतं. मी गृहपाठ केला नाही म्हणून आई रडली. मी भांडलो म्हणून बाबा निघून गेले. नेदरलँड्समध्ये मनोविकार असलेल्या पालकांच्या मुलांसाठी गेली अनेक दशकं वेगळे गट चालतात. अगदी चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठीही ‘पीप झेई दे माउस’ नावाचे खेळगट आहेत. तिथे उपचार वगैरे काही नसतो. बाहुल्या, चित्रं, गप्पा, आणि आपल्यासारखी आणखी मुलं आहेत हा शोध.

मुलांविषयी पोलिसांऐवजी डॉक्टरकडे जाण्याची या देशाची परंपरा जुनी आहे. १९७२ मध्ये इथे ‘विश्वासू डॉक्टर’ हे पद निर्माण झालं. शेजारी, शिक्षक, कुणीही त्याच्याकडे शंका बोलून दाखवू शकायचं, आणि तो गुन्हा नोंदवण्याआधी मदत शोधायचा. त्याच धाग्यातून पुढे छळाच्या तक्रारींची केंद्रं आली, आणि २०१५ पासून ‘फेलिख थाउस’ म्हणजे सुरक्षित घर ही यंत्रणा. ०८००-२००० हा तिचा फोन दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, आणि नाव न सांगता नुसता सल्लाही मागता येतो. १ जुलै २०१३ पासून डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, पाळणाघरं यांना शंका आल्यावर काय करायचं याची पाच पायऱ्यांची पद्धत कायद्याने बंधनकारक झाली : खुणा नोंदवा, सहकाऱ्याशी बोला, त्या कुटुंबाशी बोला, धोका तोला, मग ठरवा. ‘घरी मुलं आहेत का’ हा प्रश्नही त्यात शिरला.

हे सगळं कागदावर नीटनेटकं आहे. पण झुइडओस्टमध्ये राहणाऱ्यांना विचारा. या भागात सुरिनाम, अँटिल्स, घाना अशा शंभराहून अधिक देशांतली माणसं राहतात. सुरिनाममधल्यांत हिंदुस्तानी वंशाचे लोकही आहेत. त्यांचे पणजे-खापरपणजे १८७३ पासून कलकत्त्याहून ऊसमळ्यांवर गिरमिटिये म्हणून गेले, आणि १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होताना पुढची पिढी इथे आली. एएमसी आणि शहराच्या आरोग्य विभागाने २०११ ते २०१५ या काळात सुमारे २५ हजार अ‍ॅमस्टरडॅमकरांची ‘हेलियस’ नावाची पाहणी केली. तीत नैराश्याच्या खुणा डच वंशाच्या लोकांपेक्षा हिंदुस्तानी सुरिनामी, तुर्की आणि मोरोक्कन वंशाच्या लोकांत जास्त आढळल्या. आपल्याला परकं म्हणून वागवलं जातं, या अनुभवाशी त्याचा संबंधही दिसला.

आता अशा घरातल्या आईला सरकारी इस्पितळात विचारा, मुलं कुठे आहेत? तिच्या मनात पहिलं काय येईल? काढून नेणार. ही भीती हवेतली नाही. पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक केली असा खोटा ठपका ठेवून डच कर खात्याने हजारो कुटुंबांना कर्जात लोटलं, त्यात दुहेरी नागरिकत्व असलेली, स्थलांतरित घरं मोठ्या संख्येने होती. त्या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. या कुटुंबांतली दीड हजारांहून अधिक मुलं २०१५ नंतर घराबाहेर ठेवली गेली होती, हेही पुढे बाहेर आलं. कर्जामुळेच मुलं गेली का, यावर तिथे वाद आहे. आईच्या मनात मात्र वाद नसतो.

आपल्या मराठी घरांतही हीच भीती आहे, थोड्या वेगळ्या रंगाची. झुइडओस्टमध्ये बँकांच्या आणि आयटीच्या कचेऱ्या आहेत, तिथे काम करणारी मराठी मंडळी शेजारच्या आम्स्टेलफेनपर्यंत पसरली आहेत. नवं कुटुंब आलं की पोहे-चहाबरोबर हमखास सल्ला मिळतो : “इथे मुलावर हात उगारायचा नाही हं, शाळेत कळलं तर उचलून नेतात.” नॉर्वेत २०११ मध्ये बंगाली कुटुंबाची मुलं काढून घेतल्याचं प्रकरण आणि त्यावरचा २०२३ चा राणी मुखर्जीचा सिनेमा, दोन्हींचा दाखला दिला जातो. मग मुलांना पढवलं जातं, घरातलं शाळेत काही सांगायचं नाही. धपाटा बंद झाला तर चांगलंच, नेदरलँड्समध्ये २००७ पासून मुलांना मारणं कायद्याने मना आहेच. पण ‘शाळेत काही सांगायचं नाही’ या वाक्याने धपाट्यासोबत बाकीचंही सगळं झाकलं जातं. बाबांची बाटलीसुद्धा आणि आईचं अंथरुणाला खिळणंसुद्धा.

म्हणून सांगतो : शिक्षिकेला किंवा फेलिख थाउसला मूल घरातून काढता येत नाही. बालसंरक्षण मंडळाने चौकशी करावी लागते आणि निर्णय बालन्यायाधीशाचा असतो. जिवाचा तातडीचा धोका असला तरी न्यायाधीशाला विचारावंच लागतं. फोन आला की बहुतेक वेळा पुढे येते ती मदत. यंत्रणा चुकत नाही असं मी म्हणत नाही, अनुदानाचं प्रकरण आत्ताच सांगितलं. पण एखाद्या आईने स्वतःहून सांगितलं आणि आईविषयी दुसऱ्याने कळवलं, या दोन गोष्टी तिथे सारख्या धरत नाहीत.

आणि आपल्या बायका सांगत नाहीत. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली, स्वतःची नोकरी सोडलेली, डिसेंबरात साडेचारला अंधार पडणाऱ्या देशात दोन मुलांसोबत दिवस काढणारी बाई काय म्हणते? “झोपच पुरी होत नाही.” “पाठ भरून आलीये.” “कंटाळा येतो नुसता.” फोनवर आई म्हणते, बाहेर पड जरा, थंडीचं होतं असं. मुलाकडे पाहिलं तर बरंच दिसतं. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाचा डबा भरते, त्याचे बूट शोधते, आईचा चेहरा पाहून आवाज बारीक करते. पाहुणे कौतुक करतात, किती शहाणी आहे हो. खरं तर अशा आईला नेदरलँड्समध्ये मदत जवळच असते. गृहवैद्याकडे जायला पैसे पडत नाहीत, त्याच्याच दवाखान्यात मनाच्या तक्रारींसाठी वेगळी व्यक्ती बसते, आणि जगणंच नको वाटत असेल तर ०८००-०११३ वर कुणीही बोलू शकतं. भारतात त्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८.

आता हाच प्रश्न महाराष्ट्रात आणून पाहू. जिल्हा रुग्णालयात रात्री औषध प्यायलेली बाई आली की केसपेपरवर ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, असं पडतं आणि सकाळी हवालदार जबाब घ्यायला येतो. आत्महत्येचा प्रयत्न हा दंडविधानात गुन्हा होता तोवर सगळे एकच सांगत : चुकून प्यायली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शिक्षेची धार काढली, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते जुनं कलम राहिलंच नाही. ‘चुकून’ मात्र टिकून आहे. २०२१ या एका वर्षात देशात २३,१७८ गृहिणींनी जीव दिल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आहे. प्रयत्न करून वाचलेल्या याहून कितीतरी जास्त असणार. त्यांच्या मुलांची मोजदाद कोणत्याही रकान्यात नाही. पोक्सो कायद्याखाली मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती दडवणं गुन्हा आहे, पण या मुलांचं दुखणं पोक्सोत बसत नाही.

तरी आपल्याकडे अगदीच पाटी कोरी नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. ‘चुकून औषध प्यायलेल्या’ बायकांशी पोलीस निघून गेल्यावर निवांत बोलायचं, घरात मारहाण आहे का विचारायचं, ही रीत तिथल्या परिचारिकांनी आणि समुपदेशकांनी बसवली. पुढे अशी केंद्रं इतर रुग्णालयांतही निघाली. बाईपर्यंत प्रश्न पोचला आहे. तिच्या मुलांपर्यंत न्यायला त्याच टेबलावर, त्याच माणसाने आणखी एक वाक्य विचारायचं आहे.

मात्र ते हवालदाराने विचारून चालणार नाही. वर्दीतल्या माणसाने ‘मुलं कुठे आहेत?’ म्हटलं की बाई सांगेल, मामाकडे आहेत, मजेत आहेत. आणि विचारल्यानंतर पाठवायचं कुठे, हाही पेच आहे. एएमसीतल्या परिचारिकेला माहीत असतं की दुसऱ्या मजल्यावर असो की पलीकडच्या इमारतीत, मुलांचा कक्ष त्याच आवारात आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ मिळाला तर समाजसेवक नसतो, समाजसेवकाचं पद असलं तर ते रिकामं असतं.

पुढच्या आठवड्यात : शाळेतल्या समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय घडतं, आणि तिचं दार शिक्षकांच्या खोलीत उघडत असेल तर मुलं तिथे का जात नाहीत.