फोटोतील रिटचिंग: हलके आणि भारी

हलक्या रिटचिंगमध्ये पुरळ, घामाची चकाकी, कपाळावर आलेली बट अशा तात्पुरत्या गोष्टी काढतात. तीळ, जुना व्रण आणि त्वचेची रंध्रे तशीच ठेवतात. भारी रिटचिंग त्वचा सरसकट गुळगुळीत करते, वर्ण उजळवते, जबडा निमुळता करते. ही हौस संगणकाच्याही आधीची: जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजवत.

भंडारा जिल्ह्यातील लग्नांच्या फोटोंत भारी हाताची चूक चेहऱ्याआधी साडीवर कळते. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोसा रेशमाच्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. कोशाचा धागा मुळातच कमीजास्त जाडीचा, आणि करवतकाठी साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी. संपूर्ण फोटोवर स्मूदिंग चढवले की धाग्याचा पोत जातो, दाते पुसट होतात आणि महागडा कोसा पॉलिस्टर वाटू लागतो. म्हणून जाणकार फोटोग्राफर मास्कने बाकीचा भाग झाकून परिणाम त्वचेपुरता ठेवतो. हळदीच्या फोटोंत तर पिवळेपणा हाच विषय. रंगांचा तोल आपोआप साधणारा ऑटो व्हाइट बॅलन्स नेमका तोच कमी करू पाहतो.

अल्बम छापायला देण्यापूर्वी दोन-तीन फोटो मूळ प्रतींशी ताडून पाहावेत. छपाईनंतर दुरुस्ती म्हणजे पान नव्याने छापणे.