गर्बर फाइल: डिझाइनरच्या पडद्यावरून कारखान्यात

सर्किट बोर्डाचं डिझाइन कारखान्यात जातं ते बहुतेक वेळा गर्बर फाइलींच्या रूपाने. प्रत्येक थराची वेगळी फाइल: वरचं तांबं, खालचं तांबं, सोल्डर मास्क, अक्षरांची छपाई. ज्यांच्या नावाने ही फाइल ओळखली जाते ते जोसेफ गर्बर मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या तावडीतून सुटून ते १९४० मध्ये अमेरिकेत आले आणि पुढे कनेटिकटमध्ये त्यांनी कंपनी उभारली. या कंपनीचा फोटोप्लॉटर फिल्मवर प्रकाशाने रेघा मारायचा.

फाइलमधल्या आज्ञा आजही त्याच यंत्राच्या आहेत. 'डी०१' म्हणजे दिवा चालू ठेवून सरक, 'डी०२' म्हणजे बंद करून सरक, 'डी०३' म्हणजे जागेवर एकदाच चमक. 'डी१०'पासूनचे क्रमांक प्रकाशासमोर फिरणाऱ्या चाकावरच्या छिद्रांचे.

कोणतं छिद्र केवढं, हे मात्र जुन्या फाइलमध्ये नसायचंच. ती यादी वेगळी यायची आणि कारखान्यातला माणूस ती हाताने भरायचा. माप इंचात की मिलिमीटरमध्ये, तेही बाहेरूनच कळायचं. सर्वांत घातक होती शून्यं. दशांशचिन्ह लिहायचं नाही आणि जागा वाचवायला शून्यं गाळायची, अशी रीत. समजा, दोन अंक पूर्णांकाचे आणि चार दशांशाचे ठरलेत आणि फाइलमध्ये नुसतं '१५' आलं. डावीकडची शून्यं गाळली असतील तर ते ०.००१५ इंच, उजवीकडची गाळली असतील तर चक्क १५ इंच! एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. यादीतली ट्रॅकची, म्हणजे तांब्याच्या रेघेची, रुंदी जराशी चुकली, तर बोर्ड हातात पडेपर्यंत पत्ता लागत नाही.

नव्वदच्या दशकातल्या 'एक्स' आवृत्तीने एकक, अंकांची रचना आणि छिद्रांची मापं फाइलमध्येच आणली. माझ्या मते अचूकतेतली खरी झेप हीच: मधला हात गेला. बेल्जियमच्या युकॅमको कंपनीने २०१४ मध्ये 'एक्स२' आणली. तिच्यात हा थर कोणता, हा पॅड व्हायाचा (थरांना जोडणाऱ्या छिद्राचा) की पार्टचा, हेही लिहिता येतं. त्याच वर्षी 'एक्स'च्या आधीची जुनी आवृत्ती रद्द झाली.

ड्रिलची फाइल मात्र अजूनही बऱ्याचदा एक्सेलॉन पद्धतीची येते आणि शून्यांचा प्रश्न तिथे जिवंत आहे. म्हणून बोर्ड करायला देणाऱ्यांना विनंती: सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर 'एक्स२'च द्या. नेटलिस्ट, म्हणजे काय कशाला जोडलंय याची यादी, सोबत जोडा, म्हणजे चित्रातली जोडणी कारखान्याला ताडून पाहता येईल. आणि फाइली पाठवण्याआधी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, दुसऱ्याच गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून तपासा.