पाद्री गोऱ्यांची फांदी

घराण्यातला माणूस ख्रिस्ती झाला की वंशावळीत त्याची फांदी तिथेच छाटली जायची. गंमत अशी, की कागद जास्त सापडतात ते या छाटलेल्या फांदीचेच. घरात राहिलेल्या भावाची जन्मवेळ पत्रिकेवर असते आणि पत्रिका वाळवीच्या पोटात गेलेली असते. चर्चच्या वहीत मात्र बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळं तारीखवार लिहिलेलं. इंग्रजी अमदानीत या नोंदींच्या प्रती दर इलाख्यातून लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

कर्जत तालुक्यातल्या पोशीरला बसून मी ओळखीपाळखीच्या लोकांच्या वंशावळी जुळवून देतो. काम येतं ते बहुधा गाव सोडून गेलेल्या माणसाचं. कोणी भिक्षुकीला मुंबईला गेला, कोणी बडोद्याला. सुरुवात कर्जतच्या तहसील कचेरीतून होते: जुने फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदी. एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. १८८२ च्या गॅझेटियरमध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात आहे. त्यामुळे त्याआधीच्या कागदासाठी नुसतं आताच्या जिल्ह्याच्या ठिकाणाचं, अलिबागचं, दार ठोठावून भागत नाही, ठाण्यालाही विचारावं लागतं.

तिथे अडलं की नाशिक-त्र्यंबक. तीर्थोपाध्याय पहिल्यांदा आडनाव विचारतात आणि लगेच मूळ गाव. मग बासन सुटतं. वहीत पूर्वजांनी यात्रेला आल्यावर लिहिलेले लेख असतात: मी अमुक, वडील अमुक, आजे अमुक, भाऊ, मुलगे, सोबत कोण आलं. जुने लेख मोडीत. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत, हात न उचलता पुढे जायचं. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतो. एक नाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे ठरवण्यातच अर्धी दुपार जाते. वाचायची खरी युक्ती म्हणजे आधी ‘बिन’ आणि ‘वल्लद’ शोधायचे. ते सापडले की त्यांच्या दोन्ही बाजूंना बाप-लेक उभे असतातच.

ही सगळी वाट मूळ गाव माहीत असलेल्यांची. मावशीचं काम निराळं होतं. तिच्या सासरचं आडनाव गोरे. फोनवर म्हणाली, “आमच्या गोऱ्यांत कोणी मोठे पाद्री होऊन गेले म्हणे. घरात कोणी नाव काढत नाही. बघ रे जरा.”

ते नीलकंठशास्त्री गोरे. बाप्तिस्म्यानंतरचे रेव्हरंड नेहेम्या गोरे. जन्म ८ फेब्रुवारी १८२५, झाशीच्या बाजूला. चित्पावन घर इतक्या लांब कसं? आजोबा बांद्याच्या नबाबाच्या पदरी होते. हे नबाब म्हणजे बाजीराव-मस्तानीचा वंश, तेव्हा बुंदेलखंडात मराठी कारभारी असण्यात नवल नाही. पुढे कुटुंब काशीला आलं. नीलकंठ तिथे शास्त्रं शिकले, मिशनऱ्यांशी वाद घालायला गेले आणि वाद घालता घालता स्वतःच बदलले. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला बाप्तिस्मा झाला.

पाद्र्याच्या चरित्रात कुटुंबाचे तपशील भरपूर सापडतात, कारण धर्मांतराची गोष्ट घरच्यांच्या विरोधाशिवाय सांगताच येत नाही. सी. ई. गार्डनर यांनी लिहिलेलं चरित्र १९०० साली निघालं. लिहिणारा भक्त आहे. स्तुती बाजूला ठेवून नाती तेवढी वेगळ्या कागदावर उतरवत जायचं. यादीत नाव शोधतानाही जपावं लागतं. इंग्रजी कागदांत त्यांच्या आडनावाच्या शेवटी एक जादा एच आहे. तो घातला नाही, तर भलतेच गोरे समोर येतात.

१८५४ मध्ये ते महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायतेला गेले. १८६८ मध्ये डीकन झाले, १८७० मध्ये प्रीस्ट. पुढे ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या संन्यासी मंडळात उमेदवार म्हणून राहिले. पुण्यात पंडिता रमाबाईंशी त्यांची चर्चा झाली आणि रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयात तिचा मोठा वाटा होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी ते मुंबईत वारले. एवढा प्रवास तारखांसकट मांडायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. त्याच काळातल्या पोशीरच्या एखाद्या भिक्षुकाची मृत्यूची तिथी मिळाली, तरी मी पेढे वाटीन.

मला गुंतवलं ते त्यांच्या मुलीने. एलन लक्ष्मी गोरे, जन्म ११ सप्टेंबर १८५३, काशी. आई लक्ष्मीबाई थोड्याच काळात गेली आणि वडील विलायतेच्या बोटीत चढले. मुलगी परक्या घरांत वाढली. शेवटी रेव्हरंड स्टॉर्स या मिशनऱ्याने तिला आपली मानून इंग्लंडला नेलं. १८८० मध्ये ती स्वतःहून परत आली. तिच्या इंग्रजी कवितांचं पुस्तक १८८३ मध्ये निघालं आणि तिचं एक स्तोत्र जगभरच्या चर्चमध्ये गायलं जाऊ लागलं. ती १९३७ मध्ये वारली. वडिलांबद्दल आदर ठेवूनही मला वाटतं, या घरातली शोधण्यासारखी गोष्ट तिचीच आहे. पण वंशवृक्षाच्या जुन्या तक्त्यात मुलीला जागाच नसते. तिथे शास्त्रीबुवांच्या नावाखाली ‘निर्वंश’ लिहून मोकळे झाले असते.

मावशीला कागद करून दिला, तो बांद्याच्या आजोबांपासून सुरू होऊन एलनपाशी संपतो. मधे लक्ष्मीबाईंचं नाव नवऱ्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात घातलं आहे. मावशीच्या मोठ्या दिरांना ते रुचलेलं नाही. न रुचो.

तुमच्याकडेही असा तक्ता गुंडाळून ठेवलेला असेल. काढा, आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी बायकोचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि मुलींची नावं पेन्सिलीने का होईना लिहा. हे सांगणाऱ्या आज्या अजून घरात आहेत, तोवर या दिवाळीत एवढं उरकून घ्या.