पालिकेचा अहवाल कोणी घडवायचा?

महापालिकेने वार्षिक अहवालांसाठी ग्राफिक डिझाइन एजन्सी नेमली, अशी बातमी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. रस्त्यांवर खड्डे आणि अहवालाला रंगरंगोटी! हा राग खरा आहे, तो मला समजतो. पण गेली काही वर्षं मी पालिकांच्या अहवालांची मांडणी करते आहे. या कामाबद्दलचे गैरसमज पालिकेच्या बाहेर जितके आहेत तितकेच आतही आहेत, आणि त्यांची किंमत शेवटी नागरिक मोजतो.

गैरसमज : डिझाइन म्हणजे सजावट

पाणीपुरवठ्याचं एक पान घ्या. विभागाकडून तक्ता येतो. प्रभागाचं नाव, लोकसंख्या, नळजोडण्या, टाक्यांची क्षमता, रोज सोडलेलं पाणी दशलक्ष लिटरमध्ये, गळती. बारा रकाने, बारीक टाइप. सगळी माहिती तिथे असते आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्राचा निकष माणशी रोज १३५ लिटर असा आहे. तक्त्यात हा आकडा बहुधा नसतोच, कारण विभागातल्या प्रत्येकाला तो पाठ असतो.

त्याच तक्त्यावरून मी प्रत्येक प्रभागाचं माणशी पाणी काढते. प्रभाग चढत्या क्रमाने एकाखाली एक लावते, प्रत्येकापुढे एक आडवी पट्टी ओढते आणि वरपासून खालपर्यंत १३५ ची एक उभी रेघ मारते. शहराची सरासरी त्या रेघेच्या पुढे असली, तरी काही पट्ट्या रेघेपर्यंत पोचतच नाहीत. ते पान उलटता उलटता दिसतं. एवढं होईपर्यंत मी काळ्या शाईशिवाय एकही रंग वापरलेला नसतो.

प्रभाग क्रमांकानुसार लावायचे की पाण्यानुसार, हा इथला खरा निर्णय. क्रमांकानुसार लावले की कमी पाण्याचे प्रभाग विखुरतात आणि डोळ्यांआड होतात. तक्ता तोच, आकडे तेच. म्हणून मी या कामाला सजावट म्हणू देत नाही.

गैरसमज : हे सल्लागारांनी आणलेलं नवं खूळ आहे

१९२५ मध्ये व्हिएन्ना शहरात नगर प्रशासनाच्या पाठबळावर 'समाज आणि अर्थव्यवस्था' या विषयाला वाहिलेलं एक संग्रहालय उभं राहिलं. त्यामागे ओटो न्यूराथ हा तत्त्वज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ होता. पहिल्या महायुद्धात मोडून पडलेलं ते शहर कामगारांसाठी हजारोंनी घरं बांधत होतं, क्षयरोगाशी आणि बालमृत्यूंशी झगडत होतं. या खर्चाचं काय होतंय हे करदात्याला समजलं पाहिजे, अशी भूमिका होती. संग्रहालयाचं प्रदर्शन पुढे खुद्द नगरभवनातल्या दालनात मांडलं गेलं.

न्यूराथच्या चमूतली कामाची वाटणी मला फार मोलाची वाटते. आकडेवारीचे जाणकार माहिती गोळा करत. गेर्ड आर्न्ट्झ हा चित्रकार चिन्हं कोरत असे. आणि या दोघांच्या मधे एक स्वतंत्र काम होतं, ते मारी राइडेमाइस्टर करत असे. आकड्यांच्या ढिगातून लोकांना काय कळायला हवं ते निवडायचं, कशाची तुलना कशाशी करायची ते ठरवायचं आणि मग चित्रकाराला कच्चा आराखडा द्यायचा. आज आपल्या निविदांमध्ये नेमकं हे मधलं काम कुठेच लिहिलेलं नसतं. पालिकेला वाटतं ते एजन्सी करेल, एजन्सीला वाटतं ते पालिकेने करून दिलंय.

त्यांचा एक नियम मी अजून पाळते. आकडा मोठा असेल तर चिन्ह मोठं करायचं नाही, चिन्हांची संख्या वाढवायची. दुप्पट घरं दाखवायला दुप्पट उंचीचं घर काढलं, तर रुंदीही दुप्पट होते आणि डोळ्याला ते चौपट वाटतं. १९३४ मध्ये व्हिएन्नातलं लोकशाही नगर प्रशासन चिरडलं गेलं, चमूला देश सोडावा लागला. ही पद्धत पुढे 'आयसोटाइप' या नावाने जगभर गेली.

गैरसमज : सगळ्यात कमी दर देणाऱ्यालाच काम द्यावं लागतं

'एल-वन'ची, म्हणजे सगळ्यात कमी दर निवडायची, ही सवय इतकी मुरलेली आहे की अनेक अधिकाऱ्यांना तो कायदाच वाटतो. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार सेवांसाठी गुणवत्ता आणि दर दोन्ही तोलून निवड करण्याची पद्धत दिलेली आहे. महापालिकांना राज्याचे नियम लागू होतात, पण आपल्याकडच्या पालिकाही मोठे सल्लागार नेमताना याच धर्तीच्या निविदा काढतात.

समजा, गुणवत्तेला ७० आणि दराला ३० टक्के वजन आहे. एका एजन्सीला तांत्रिक तपासणीत ९० गुण मिळाले, तिचा दर ६ लाख. दुसरीला ६० गुण, दर ४ लाख. पहिलीचे गुणवत्तेचे ६३ आणि दराचे २०, मिळून ८३. दुसरीचे ४२ आणि ३०, मिळून ७२. काम पहिलीला जातं, आणि का गेलं ते कागदावर राहतं. २०२१ मध्ये केंद्राने इतर सेवांनाही ही पद्धत खुली केली, मात्र तिथे गुणवत्तेचं वजन ३० टक्क्यांच्या वर नेता येत नाही.

म्हणजे निविदेत या कामाला काय म्हटलंय, यावर बरंच ठरतं. 'अहवाल छपाई, आर्ट पेपर, चार रंगी, प्रति पान दर' असं लिहिलं की छापखाना मिळणार आणि पानं वाढवायचा मोहही सोबत येणार. पानांच्या दराने मोबदला दिला, तर चाळीस पानांचं बारा पानांत आणणाऱ्याचं नुकसान होतं. माझ्या मते हे या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

गैरसमज : मजकूर मंजूर झाला की मग डिझायनरला बोलवायचं

महाराष्ट्राच्या महापालिका कायद्याप्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. तारीख वर्षभर आधी माहीत असते. तरी एका पालिकेच्या अशाच कामात मला मजकूर हातात मिळाला तेव्हा मुदतीला सहा दिवस उरले होते. वृक्षगणनेचा तक्ता व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून आला, कोपऱ्यात जावक क्रमांकाचा शिक्का आणि शिक्क्याखाली झाकलेले दोन आकडे. विचारायला फोन केला तर संबंधित लिपिकाची बदली झालेली. घनकचऱ्याचे आकडे एका प्रकरणात टनांत, दुसऱ्या प्रकरणात किलोंत. चूक कळूनही दुरुस्ती करता येईना, कारण मजकुरावर सही झाली होती.

डिझायनर सुरुवातीपासून बसलेला असेल तर हे घोळ मे महिन्यातच वर येतात. आकृती काढायला घेतली की आकड्यांतली विसंगती लपत नाही.

गैरसमज : आधी इंग्रजीत करून घेऊ, मराठी नंतर टाकू

राज्याचा राजभाषा कायदा १९६४ चा, आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या स्वतंत्र कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांनाही मराठीचं बंधन स्पष्ट झालं. पण कायदा बाजूला ठेवू, नुसतं पान बघू. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत मराठी ओतली की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडतो. मराठीला दोन ओळींत जास्त जागा लागते, मथळ्यांना जास्त रुंदी लागते. हे आधी ठरवावं लागतं. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची अक्षररूपं वापरावीत असं शासनाने सांगितलेलं आहे, तरी संगणकात आयता मिळालेला फॉन्ट वापरला की हिंदी वळणाची अक्षरं येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

शब्दांचंही तेच. पाणी शुद्ध करून सोडलं, पण त्याची पाणीपट्टी आकारलीच गेली नाही, अशा पाण्याला भाषांतरकार 'बिगर महसुली पाणी' लिहून देतो. लेखा विभागातला माणूस 'हिशेबाबाहेरचं पाणी' म्हणतो. अहवालात हा दुसरा शब्द हवा.

गैरसमज : पीडीएफ संकेतस्थळावर टाकली, जबाबदारी संपली

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे. माहिती स्वतःहून जाहीर करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातली सगळ्यात परिणामकारक पद्धत यांचा विचार करा, असं त्यात लिहिलेलं आहे. कागदपत्र कुठेतरी चढवून ठेवणं यात बसत नाही.

स्कॅन केलेला अहवाल अंध वाचकाचं वाचन-सॉफ्टवेअर वाचू शकत नाही. त्याच्यासाठी ती नुसती कोरी चित्रं असतात. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम स्वरूपात माहिती देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. युनिकोडमध्ये नसलेल्या जुन्या फॉन्टची गतही तीच. पानावर मराठी स्वच्छ दिसते, पण शोधायला 'पाणी' टाइप केलं तर पानोपानी पाणी असलेल्या अहवालात एकही उत्तर सापडत नाही. आणि लाल-हिरव्या रंगांनीच चांगलं-वाईट दाखवलं, तर ते दोन रंग वेगळे न दिसणाऱ्या माणसासाठी आलेख मुका होतो.

गैरसमज : बाहेरची एजन्सी आली की आकडे फिरवले जाणार

ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. उभा अक्ष शून्याऐवजी नव्वदपासून सुरू केला की दोन टक्क्यांची वाढ डोंगराएवढी दिसते. पहिली आठ पानं पदाधिकाऱ्यांच्या फोटोंना आणि शुभेच्छांना गेलेले अहवाल मी स्वतः लावले आहेत, आणि लावायला नको होते असं आज वाटतं.

यावर उपाय करारात आहे. प्रत्येक आकृतीखाली आकडा कोणत्या विभागाचा, कोणत्या तारखेचा, हे छापायचं. मूळ तक्ते अहवालासोबत खुले करायचे. पट्ट्यांचा अक्ष शून्यापासूनच. आणि ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, पालिकेच्या ताब्यात आली पाहिजे, ही अट पहिल्या पानावर. ती नसेल तर पुढच्या वर्षी नवी एजन्सी सगळं नव्याने करते, आकृत्यांची पद्धत बदलते आणि मागच्या वर्षाशी तुलना करणं अशक्य होऊन बसतं.

गैरसमज : एवढं करून वाचतंय कोण?

२०१७ मध्ये पुणे महापालिकेने पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले. गुंतवणूकदारापुढे पालिकेला आपला जमाखर्च समजेल असा मांडावा लागला, आणि तिने तो मांडला. त्याच पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवतात. त्यांनाही मागचा हिशेब तितकाच नीट दिसायला हवा.

एकदा मी हट्टाने पाण्याच्या पानाचं प्रूफ एका क्षेत्रीय कार्यालयात, पाणीपट्टी भरायच्या खिडकीशेजारी चिकटवलं. रांगेतल्या लोकांनी आपापला प्रभाग बोटाने शोधला. वरचे-खालचे प्रभाग कोणते, तेही बघितलं. दुपारी तिथला चावीवाला आला. रोज पहाटे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. त्याने बराच वेळ एका पट्टीवर बोट ठेवलं. "ताई, हे टाकीतनं सोडलेलं पाणी आहे. नळाला एवढं येत नाही. वरच्या गल्लीला तर दाबच नाही."

मी विभागात परत गेले. दोन बैठका झाल्या, थोडी नाराजीही झाली. शेवटी 'पुरवठा' हे शीर्षक काढून तिथे 'टाकीतून सोडलेलं पाणी' असं लिहिलं गेलं. शेजारी आणखी एक रकाना आखला, 'नळावर पोचलेलं पाणी'. त्याचं मोजमाप कुणाकडेच नव्हतं. तो रकाना काढून टाका, वाईट दिसतं, असं एकाने सुचवलं. अभियंत्यांनी ऐकलं नाही. सगळ्या प्रभागांपुढे कोरा ठेवलेला तो रकाना तसाच छापला.