गोड लागणे आणि गोड गाणे

ईदचा शीरखुर्मा गोड लागतो आणि शाळेच्या संमेलनात एखादी मुलगी गोड गाते. मराठीला दोन्ही ठिकाणी 'गोड' हा एकच शब्द पुरतो, इंग्रजीला पुरत नाही. शीरखुर्मा 'टेस्ट्स स्वीट', पण मुलगी 'सिंग्ज स्वीटली'. इंग्रजी लिहिताना आमच्या मुलांची जी तारांबळ उडते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. आणि त्यात आम्हा शिक्षकांनीच भर घातली आहे, हे आधी कबूल केलेले बरे.

नामाविषयी सांगेल ते विशेषण, क्रियापदाविषयी सांगेल ते क्रियाविशेषण, आणि त्यास बहुधा शेवटी 'ली' लागते, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. नियम खोटा नाही. पण मुले त्यातून 'क्रियापदामागून येईल त्याला ली' एवढेच उचलतात. मागे आमच्या एका विद्यार्थ्याने नोकरीसाठी अर्ज केला. तीन वर्षे कसून काम केले, असे त्यास सांगावयाचे होते. त्याने लिहिले, 'आय हॅव वर्क्ड हार्डली'. 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच! त्याला बोलावणे आले नाही. ते या एका शब्दापायीच आले नाही असे आम्ही म्हणत नाही; पण ती 'ली' आमच्या फळ्यावरची होती.

वास्तविक पाहावयाचे ते हे की, मागून आलेला शब्द कोणाविषयी बोलतो. 'द मिल्क स्मेल्स सॉर' या वाक्यात दूध काही वास घेत नाही. आंबटपणा दुधाचाच आहे. म्हणून तेथे विशेषण. शंका आल्यास क्रियापद काढून त्या जागी 'इज' घालावे. 'द मिल्क इज सॉर' हे जुळते, तेव्हा 'सॉर' बरोबर. मात्र अशा क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही, कारण तेच क्रियापद दोन्हीकडे चालते. आचारी रस्सा जपून चाखतो तेव्हा 'द कुक टेस्टेड द करी कॉशसली'. रस्सा खारट निघाला तर 'द करी टेस्टेड सॉल्टी'. रागावलेला दिसणारा मनुष्य 'लुक्ड अँग्री'. मुलाकडे रागाने पाहणारा 'लुक्ड अँग्रिली'.

मराठी मुलास याहून अवघड जाते ते निराळेच. आपण 'तो चांगला खेळतो', 'ती चांगली खेळते' असे म्हणतो. शब्द खेळाविषयी बोलतो, पण लिंग घेतो खेळणाराचे. मग मुलाने 'शी प्लेज गुड' लिहिले तर नवल काय? तेथे 'वेल' हवे. आणि हे 'वेल'ही लबाड आहे. 'आय अ‍ॅम वेल' म्हटले की ते विशेषण होऊन प्रकृती बरी असल्याचे सांगते.

'हार्ड'ला 'ली' का नको, याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ए' हे अक्षर जोडून क्रियाविशेषण करीत. पुढे त्या अक्षराचा उच्चार लोपला आणि दोन्ही रूपे एकच झाली. 'हार्ड' आणि 'फास्ट' हे त्या काळचे अवशेष. 'लेट'ही तसाच, 'ही केम लेट' म्हणजे उशिरा आला, 'लेटली' म्हणजे अलीकडे. उलट 'फ्रेंडली', 'लव्हली' यांना 'ली' असूनही ती विशेषणे आहेत. कान नुसत्या शेवटाकडे लावून चालत नाही, तो असा.

तो विद्यार्थी पुढे दुसरा अर्ज घेऊन आमच्याकडे आला. 'हार्ड' नीट होते; पण खाली 'आय फील कॉन्फिडेंटली' असे होते. आम्ही बोट ठेवताच त्याने तेथे 'अ‍ॅम' घालून पाहिले, स्वतःशीच हसला, आणि खिशातले पेन काढून शेवटची दोन अक्षरे खोडली.