गाव एकत्र कशावर उभं राहतं?

गोंदियाहून बालाघाट ओलांडून घाट चढलं की परसवाड्याचं पठार लागतं. या पठारावरची पहिली गावं 19व्या शतकात लक्ष्मण नाईक यांनी वसवली, असं जुनं गॅझेटियर सांगतं. पुढे डेप्युटी कमिशनर ब्लूमफील्ड यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पोवारांना बैहर तहसिलीत वसायला उत्तेजन दिलं. गोंड आणि बैगा आदिवासी तिथे आधीपासून होतेच. अशी वेगवेगळी माणसं एक गाव म्हणून कशी राहतात?

त्याच शतकात रशियन विचारवंतांना हाच प्रश्न छळत होता. 1861 मध्ये तिथले भूदास मुक्त झाले, पण बहुतेक ठिकाणी जमीन कुटुंबाला न मिळता ग्रामसमुदायाला मिळाली. अनेक गावं ती माणसं मोजून पुन्हा पुन्हा वाटून घेत. या विचारवंतांपैकी क्रोपोत्किन यांनी सैबेरियात प्राणी आणि माणसं जवळून पाहिली आणि 1902 च्या पुस्तकात परस्पर साहाय्याला उत्क्रांतीचं बळ मानलं. आपल्याकडची इर्जिक आणि सावड, म्हणजे शेतीत एकमेकांच्या कामाला जाण्याची रीत, त्यांना लगेच उमगली असती.

मला मात्र त्यांच्यातले मक्सिम कोवालेव्स्की अधिक जवळचे वाटतात. सामायिक जमिनीवरच्या त्यांच्या 1879 च्या ग्रंथात हिंदुस्थानावर मोठा भाग आहे. मार्क्सनं त्याची तपशीलवार टिपणं काढली. इंग्रजांच्या जमीनबंदोबस्तानं गावाचा सामायिक पाया उखडला, हे कोवालेव्स्कींनी स्पष्ट मांडलं. परसवाडा ज्यात होता त्या मध्य प्रांतात झालं तेच. सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक ठरला. मोठं रान सरकारी झालं, बैगांच्या बेवर म्हणजे फिरत्या शेतीवर बंदी आली आणि 1890 मध्ये ही शेती मंडल्याकडच्या बैगा चक या राखीव भागापुरती उरली. गावकऱ्यांच्या हाती राहिला निस्तार: सरपण, चराई, घरासाठी लाकूड. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तरी तळी आणि पडीक रान गावाच्या नावावर न येता राज्याकडे गेलं. ज्यावर एकत्र बसून निर्णय घ्यायचा तेच हातात नसेल, तर एकोप्याची प्रवचनं देऊन काय होणार?

पण नुसती सामायिक मालकीही पुरत नाही. रशियन समुदायात करासाठी सगळे एकमेकांना जामीन असत. एकानं बुडवला की भार शेजाऱ्यांवर. सभा कर्त्या पुरुषांची असे. वोलोग्दाच्या हद्दपारीत ‘ऐतिहासिक पत्रे’ लिहिणारे प्योत्र लाव्रोव म्हणूनच महत्त्वाचे. व्यक्तीची जाणीव वाढणं आणि माणसांतली एकजूट वाढणं, ही दोन्ही एकत्र घडली तरच त्यांच्या लेखी ती प्रगती. रूढीनं बांधून ठेवलेला एकोपा त्यांना पुरेसा वाटत नव्हता.

अशा प्रगतीचं मला दिसणारं सर्वांत जवळचं उदाहरण गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. या गोंड गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क आधी आला नाही; त्याआधी कित्येक वर्षं कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातले देवाजी तोफा यांच्यासोबत गावाचे अभ्यासगट चालत होते. ग्रामसभेत स्त्रिया बसतात. बहुमतावर निर्णय होत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत चर्चा थांबत, पुन्हा सुरू होत चालते. तरीही बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायला गावाला 2011 उजाडलं.

परसवाड्याच्या पठारालाही तोच कायदा लागू आहे. त्यात बैगांसारख्या आदिम जमातींच्या अधिवासाच्या हक्काची वेगळी तरतूद आहे. दावा मात्र ग्रामसभेनं करायचा असतो, आणि त्यासाठी गावानं आधी एकत्र बसून आपल्या रानाची हद्द ठरवावी लागते.