किडनीच्या रुग्णाची हाडं का दुखतात?

काटोल तालुक्यात किडनीच्या रुग्णांच्या घरी आम्ही जातो, तेव्हा किडनीपेक्षा हाडांचीच तक्रार जास्त ऐकू येते. कंबर ठणकते, पायऱ्या चढवत नाहीत, अंगाला सारखी खाज सुटते. घरचे म्हणतात, वय झालं. आपल्या समाजात आणखी एक उत्तर तयार असतं, सिकलसेल असेल. मग मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते आणि तिथेच नुकसान होतं.

किडनीचं काम फक्त लघवी तयार करण्याचं नाही. जेवणातला जादा फॉस्फरस ती बाहेर टाकते आणि व्हिटॅमिन डी शरीराला वापरता येईल अशा रूपात आणते. किडनी निकामी होत गेली की रक्तात फॉस्फरस साठतो आणि आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. ही घट भरून काढायला गळ्यातल्या चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक जास्त सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. वर्षानुवर्षं हे चाललं की हाड कमजोर होतं, साध्या पडण्याने मोडतं. दुसरीकडे कॅल्शियम आणि फॉस्फरस रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांवर जमतात. खरा धोका इथे आहे. म्हणूनच २००६ पासून डॉक्टर रक्तातले क्षार, हाडं आणि रक्तवाहिन्या यांचा मिळून हा एक आजार मानतात. डायलिसिसच्या बऱ्याच आधी, काही दुखत नसतानाच तो सुरू झालेला असतो.

सिकलसेलचं काय? विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात त्याचं प्रमाण जास्त आहे, आणि तो किडनीलाही इजा करतो. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. म्हणून अंदाज नको, रक्ततपासणी हवी. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच ही तीन नावं कार्यकर्त्यांनी पाठ करावीत. डायलिसिसच्या रुग्णाचं कॅल्शियम-फॉस्फरस साधारण एक ते तीन महिन्यांनी आणि पीटीएच तीन ते सहा महिन्यांनी बघितलं जातं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या उरलीसुरली किडनीही घालवतात. मनाने घेतलेली कॅल्शियमची गोळी हाडाऐवजी रक्तवाहिनीत जाऊन बसू शकते.

डॉक्टर फॉस्फरस बांधणारी गोळी देतात, उदाहरणार्थ सेवेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेट. ती जेवणातला फॉस्फरस आतड्यातच पकडते, त्यामुळे जेवणासोबतच घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर जवळपास वाया. आठवड्यातून तीनदा डायलिसिस झालं तरी खाल्लेला सगळा फॉस्फरस निघत नाही, हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

विनयपिटकात आजारी भिक्खूला स्वतः भगवान बुद्ध आणि आनंद यांनी अंघोळ घातल्याचा प्रसंग आहे. तिथेच सेवा करणाऱ्याचे गुणही येतात. रुग्णाला काय मानवतं, काय नाही हे त्याला कळावं, मानवेल ते त्याने आणावं आणि न मानवणारं दूर ठेवावं.

आमच्या मते न मानवणाऱ्यात पहिला नंबर काळ्या कोल्ड्रिंकचा आणि पाकिटबंद चीज, नूडल्सचा. त्यांत मिसळलेला फॉस्फरस जवळजवळ पूर्ण शोषला जातो. डाळीतला त्यामानाने बराच कमी शोषला जातो. म्हणून डाळ सरसकट बंद करू नये, डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिनं लागतातच. दुधातही फॉस्फरस भरपूर असतो. बुद्ध पौर्णिमेला खीरदान करताना अशा उपासक-उपासिकांना दुसऱ्या वाटीचा आग्रह नको. आणि आपल्या काटोलची संत्री? तिथे अडचण पोटॅशियमची आहे, हाडांची नाही, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही नको.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयात डायलिसिस मोफत होतं. पण या तपासण्या आणि गोळ्याही त्यात धरल्या आहेत, असं गृहीत धरू नका. तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, आणि जाताना रुग्णाची जुनी फाईल सोबत घ्या.